'सिनोम्लांडो' आणि 'झ्वांदिरी' : दोन नावांचा इतिहास

एड्सच्या साथीने आफ्रिकेतील मुलांवर जे संकट ओढवले, त्याचा इतिहास बहुधा संख्येच्या भाषेत लिहिला गेला आहे. संयुक्त राष्ट्रांशी संबंधित संस्थांच्या २००४ च्या अहवालानुसार, सहाराच्या दक्षिणेकडील प्रदेशात या रोगाने 'अनाथ' केलेली मुले सुमारे १ कोटी २० लक्ष होती. या गणनेत मातापित्यांपैकी एकच गमावलेले, अठरा वर्षांखालील मूलही 'अनाथ' ठरे. परंतु अनाथ म्हणजे ज्याला कोणी वाली नाही तो. यांपैकी बहुसंख्य मुले तर हयात असलेल्या मातेच्या वा पित्याच्या, आजीच्या किंवा अन्य आप्तांच्या घरी वाढत होती. संज्ञेने मोजणी सुकर केली, पण मुलाचे गोत दृष्टीआड केले. साहाय्याचे कार्य करणाऱ्या दोन संस्थांची नावे मात्र निराळी साक्ष देतात.

पहिले नाव झुलू भाषेतील. दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरिट्झबर्ग येथील विद्यापीठात मौखिक इतिहासाचे 'सिनोम्लांडो' नावाचे केंद्र आहे. 'सि' म्हणजे आम्ही, 'ना' म्हणजे सह, 'उम्लांडो' म्हणजे इतिहास. संस्कृतातील गुणसंधीप्रमाणेच येथे अ आणि उ मिळून ओ होतो. 'आम्हांस इतिहास आहे' हा त्याचा अर्थ. २००० च्या सुमारास या केंद्राने 'स्मृतिपेटी'चा उपक्रम हाती घेतला. आजारी आई किंवा आजी मुलांसमक्ष कुटुंबाची हकीकत सांगे. ती टिपून छायाचित्रे व जुन्या वस्तूंसह पेटीत ठेवली जाई. त्या काळी तेथील सरकारी रुग्णालयांतून विषाणुरोधक औषधे सर्वांस मिळत नव्हती. ती योजना २००४ मध्ये सुरू झाली. तोवर मृत्यू अटळ मानून मुलांसाठी जे राखता येईल ते राखावे, हाच या कार्याचा आशय होता.

दुसरे नाव शोना भाषेतील. झिंबाब्वेत हरारे येथे २००४ साली विषाणुबाधित किशोरांच्या एका गटातून 'झ्वांदिरी' हे कार्य उभे राहिले. 'न्दि' म्हणजे मी, 'रि' म्हणजे असणे; 'मी आहे तसा' हा त्याचा भाव. येथे बाधित तरुणच धाकट्या बाधितांच्या घरी जातात, औषध घेण्याची सवय लावतात, मनातले ऐकून घेतात. बिंदुरा व शाम्वा या जिल्ह्यांतील १६ आरोग्यकेंद्रांत या पद्धतीची परीक्षा घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. ९६ आठवड्यांनंतर, विषाणू आटोक्यात नसलेल्या वा मृत्यू पावलेल्या किशोरांचे प्रमाण नेहमीच्या सेवेत ३६ टक्के, तर झ्वांदिरीची जोड मिळालेल्यांत २५ टक्के आढळले.

'आम्ही'पासून 'मी'पर्यंतचा हा प्रवास म्हणजे मरणाच्या तयारीकडून जगण्याच्या तयारीकडे झालेले स्थित्यंतर होय. तथापि दुसऱ्या नावाने पहिले बाद होत नाही. औषधाने वाचलेला किशोरही अनेकदा मातृपितृहीन असतो. त्याला गोळीइतकीच आपल्या कुळाच्या हकीकतीची गरज असते. 'अनाथ' या संज्ञेत या दोन्ही गरजा मावल्या नाहीत; त्या समाजांच्या स्वतःच्या भाषांनी मात्र त्या अचूक नोंदवल्या.