उशीवरचं अत्तर

घरच्या घरी स्वप्नांना वळण लावणाऱ्या एका फ्रेंच माणसाची गोष्ट आज सांगतो.

एर्वे द सँ-दनी हा चिनी भाषेचा अभ्यासक. तेराव्या वर्षापासून स्वप्नं वहीत उतरवायचा. पुढे तर ‘हे स्वप्न आहे’ असं त्याला झोपेतच कळू लागलं. मग त्याने प्रयोग मांडले. विवारे या डोंगराळ भागात मुक्कामाला असताना त्याने एक नवं अत्तर रोज रुमालाला लावलं. परतल्यावर कुपी बंद. काही महिन्यांनी नोकराला सांगितलं, मी झोपलो की एखाद्या रात्री उशीवर थोडे थेंब टाक. कधी, ते मला सांगू नकोस. थेंब पडले आणि स्वप्नात विवारेचे डोंगर आले! रात्र कोणती हे स्वतःलाच ठाऊक नसणं, ही यातली खरी हुशारी. पुढे त्याने गजराच्या घड्याळाला संगीतपेटीही जोडली.

इथे दिल्लीच्या द्वारकेत रात्री डोक्यावरून विमानं जातात. माझ्या स्वप्नात त्यांची पिठाची गिरणी होते. पण ती खूण नव्हे. खुणेचं नातं आधी जागेपणी जुळवावं लागतं.

1867 साली त्याने हे सगळं निनावी छापलं. फ्रॉइडला ते पुस्तक खटपट करूनही मिळालं नाही. झोपेत भान राहतं, हे कित्येक विद्वानांना पटतच नव्हतं. अखेर 1975 साली इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्यासमोर झोपलेल्या ॲलन वर्स्ली यांनी स्वप्नातून, ठरल्याप्रमाणे, डोळे डावी-उजवीकडे फिरवले. यंत्राने ती रेघ कागदावर उमटवली.