मेजर गिल यांचा कॅमेरा आणि खंडित मूर्ती

खंडित मूर्ती पूजेत ठेवायची नाही, पाण्यात सोडायची, ही आपली जुनी रीत. हात तुटला, नाक झिजलं, की देव उरला नाही. मग त्याच तुटक्या दगडाला ‘शिल्प’ म्हणून जपायचं, हे आपण शिकलो कुठे? माझं उत्तर असं, की या शिकवणीत कॅमेऱ्याचा मोठा वाटा आहे.

रॉबर्ट गिल हा कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतला अधिकारी. १८४४ साली त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं खपून केलेल्या त्यातल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण तोवर गिलने कॅमेरा हाती घेतला होता. १८६४ साली त्याच्या ७४ छायाचित्रांचं पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह लंडनला निघालं.

यात एक गंमत आहे. त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला निळा प्रकाश कळे, तांबडा जवळजवळ कळत नसे. अजिंठ्याच्या भिंतींवर तर गेरू आणि काव! रंगचित्रं काळवंडत, पण कोरलेला दगड ऊन-सावलीत उठून येई. म्हणजे ज्या चित्रांसाठी गिल आला, त्यांच्यापेक्षा कॅमेऱ्याने न्याय दिला तो शिल्पांना.

परिणाम काय झाला? लांबलांबची लेणी एका टेबलावर आली. खांबाशी खांब ताडून काळ ठरवता येऊ लागला, आणि त्या कामी तुटका खांबही तितकाच मोलाचा पुरावा ठरला. पुढे रोदँसारख्या शिल्पकाराने, भारतात कधीही न येता, मद्रासच्या नटराजाची छायाचित्रं पाहून लेख लिहिला. तो १९२१ साली छापला गेला.

पण काही गमावलंही. अजिंठ्याच्या १९ व्या लेण्यात स्तूपावरच्या बुद्धाला प्रदक्षिणा घालता येते. छायाचित्राला कशी घालणार? तिथे छायाचित्रकाराने निवडली तेवढीच बाजू आपली.

इटियाडोहचं पाणी गाढवी नदीतून वैनगंगेला मिळतं, आणि त्याच वैनगंगेच्या काठी पुढे मार्कंड्याची शिल्पांनी भरलेली देवळं उभी आहेत. आपल्या शिवारातही झाडाखाली एखादी भंगलेली मूर्ती निघते. तिला पाण्यात सोडण्याआधी थांबा. जागची हलवू नका, चारही बाजूंनी फोटो घ्या, पुरातत्त्व खात्याला कळवा. भक्तीला ती अपुरी वाटेल. इतिहासाला ती अजून पुरेशी आहे.