ताडून पाहिलेली प्रत

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवासे हे गाव आहे. शके १२१२ मध्ये, इसवी सन १२९० साली, तेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असे परंपरा मानते, तो पैस खांब आजही तेथे पाहायला मिळतो. लिहून घेणारे होते सच्चिदानंदबाबा. त्यांच्या हातची पोथी मात्र आज उपलब्ध नाही. ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत पोहोचली ती प्रतींच्या प्रतींमधून.

हाताने नक्कल करताना काय होते ते शिक्षकांना वेगळे सांगायला नको. फळ्यावरचे वहीत उतरवतानाही एखादी ओळ गळते. पोथीत तेच झाले. डुलकी लागली की ओवी सुटे, अनोळखी जुना शब्द आला की त्याच्या जागी ओळखीचा बसे, आणि एखाद्या उत्साही लेखनिकाला स्वतःची ओवी घालण्याचा मोह होई. पुढचा लेखनिक हे सगळे तितक्याच निष्ठेने उतरवून घेई. कित्येक जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिकाचे एक ठरीव निवेदन असते, की जसे समोर पाहिले तसे मी लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष माझा नाही. सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४), पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये असे बजावले. पोथ्यांची उणीव नव्हती. उणीव होती ती ताडून पाहण्याची.

ही हकिकत येथे सांगण्याचे कारण वेगळे आहे. शाळेच्या संगणकातील माहितीची प्रत ठेवणे, बिघाडानंतर ती परत मिळवणे आणि संगणक मुळात उठेनासा झाला तर त्याला बाहेरून उठवणे, या तिन्ही कामांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. हाताशी असलेली प्रत खरी आहे हे कशावरून?

आयबीएमचा पहिला वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये आला, आणि १० मेगाबाइटची हार्ड डिस्क बसवलेला एक्सटी १९८३ मध्ये. त्या डिस्कची प्रत ३६० किलोबाइटच्या फ्लॉपींवर घ्यायची तर २९ फ्लॉपी लागत. डॉसमध्ये 'बॅकअप' नावाची आज्ञा होती. तिने केलेल्या फ्लॉपी तिच्या जोडीच्या 'रिस्टोअर' आज्ञेनेच उलगडत, आणि दोहोंच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत तर पुष्कळदा रिस्टोअर चक्क नकार देई. प्रत होती, पण वाचता येत नव्हती. हा नकार कळायचा कधी? तर हार्ड डिस्क गेल्यावर.

त्याच डॉसमध्ये आणखी एक जोडी होती, 'डिस्ककॉपी' आणि 'डिस्ककॉम्प'. पहिली आज्ञा फ्लॉपीची हुबेहूब नक्कल करी, दुसरी दोन फ्लॉपी शेजारी ठेवल्यासारख्या ताडून फरक सांगे. पहिली सगळ्यांना ठाऊक होती, दुसरी वापरणारा विरळा. पण दुसरीचीही एक मर्यादा होती, आणि ती महत्त्वाची आहे. प्रत मुळाबरहुकूम आहे एवढेच ती सांगे. मूळच बिघडलेले असेल तर प्रतही बरहुकूम बिघडलेली. जसे पाहिले तसे लिहिले, दोष माझा नाही! एकनाथांनी एक प्रत तिच्या लगतच्या मुळाशी ताडली असती तर फारसे हाती लागले नसते. त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रती एकमेकींशी ताडल्या.

मूळ बिघडते कसे, आणि बिघडलेले दिसत का नाही, याचा नमुना भारतातच मिळाला. तो समजण्यासाठी संगणक उठतो कसा हे आधी पाहू. वीज सुरू होताच संगणकाला विंडोज किंवा डॉस यांची काहीच कल्पना नसते. त्याच्या चिपमध्ये कायमचा कोरलेला 'बायोस' हा छोटा प्रोग्रॅम तेवढा जागा असतो. तो डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतो. हा सेक्टर ५१२ बाइटचा. आजच्या युनिकोड पद्धतीने मराठी लिहिले तर त्यात जेमतेम दोन-तीन ओव्या मावतील. हार्ड डिस्कवर त्यातले ४४६ बाइट सूचनांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या चार भागांच्या नोंदीसाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. खूण जुळली की बायोस पुढचा सगळा कारभार या सूचनांच्या हाती सोपवतो. त्या कोणी लिहिल्या ते विचारत नाही. जुन्या संगणकांत आधी फ्लॉपी पाहिली जाई, मग हार्ड डिस्क. फ्लॉपी आत विसरून कोणी संगणक सुरू केला की तिच्या पहिल्या सेक्टरातल्या सूचना प्रथम चालत, मग फ्लॉपीवर नुसत्या गुणपत्रिका का असेनात.

१९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस याच वाटेने फ्लॉपींवरून जगभर फिरला. जून १९९० मध्ये भारतात सापडलेला 'जोशी' त्याहून बिलंदर होता. ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित करायला लावी. केल्या की काम पुढे चाले. हा जोशी कोण, ते उघड झाले नाही. आम्हाला कुतूहल वाटते ते त्याच्या दोन युक्त्यांचे. पहिली ही, की कोणी पहिला सेक्टर तपासायला गेले तर तो दूर लपवून ठेवलेला मूळ, निरोगी सेक्टर पुढे करी. दुसरी अशी की कंट्रोल, आल्ट, डिलीट या तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तरी तो पुन्हा सुरू झाल्याचे नुसते सोंग होई. व्हायरस मेमरीत बसूनच राही.

म्हणजे आजारी यंत्राला त्याच्याच तोंडून प्रकृती विचारण्यात अर्थ नव्हता. उपाय एकच होता. वीज खरोखर बंद करायची, थोडे थांबायचे आणि निरोगी संगणकावर आधीच करून ठेवलेल्या फ्लॉपीवरून सुरुवात करायची. ही फ्लॉपी लेखनबंद हवी. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकायची, साडेतीन इंची असेल तर कोपऱ्यातली सरकपट्टी सरकवून भोक उघडे करायचे. हा अडसर यंत्रातला आहे, प्रोग्रॅममधला नव्हे; त्यामुळे कोणत्याही व्हायरसला तो ओलांडता येत नसे. पुढे विंडोजच्या काळात 'स्टार्टअप डिस्क' आणि आता रिकव्हरीचा पेनड्राइव्ह म्हणून आपण जे करून ठेवतो, त्यामागचे तत्त्व हेच. पेनड्राइव्हला बहुधा असा अडसर नसतो हे मात्र आम्हाला मागे जाणे वाटते.

याच सुमारास ६ मार्चला, म्हणजे मायकेलएंजेलोच्या जन्मदिवशी, डिस्कची सुरुवात खोडून टाकणारा त्याच्याच नावाचा व्हायरस गाजला. १९९२ मध्ये जगभर त्याची धास्ती होती. पुण्यात संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, शिक्षण दहावीपर्यंत. दुरुस्तीला येणारी यंत्रे पाहून त्यांनी संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांना व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहायला सांगितले. मायकेलएंजेलोवरचा उपाय हे त्यातले पहिले काम. १९९३ साली स्थापन झालेल्या त्यांच्या कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेसमधून पुढे 'क्विक हील' बाहेर पडले.

२६ एप्रिल १९९९ चा आघात याहून मोठा. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेल्या सीआयएच व्हायरसने त्या दिवशी विंडोज ९५ आणि ९८ च्या असंख्य संगणकांतील डिस्कचा पहिला एक मेगाबाइट शून्यांनी भरून टाकला. भारतालाही त्याची झळ बसली. काही यंत्रांत तर त्याने बायोसची चिपच पुसली. अशा यंत्रावर बाहेरची फ्लॉपीही निरुपयोगी, कारण ती वाचणाराच उरला नव्हता. चिप बदलणे किंवा पुन्हा लिहून घेणे हाच मार्ग.

पण ज्यांची फक्त डिस्क गेली होती त्यांच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडली. कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे याचा नकाशा विंडोज एकामागे एक असा दोनदा लिहून ठेवत असे. जुन्या फॅट-१६ पद्धतीत एक नकाशा फार तर १२८ किलोबाइटचा, म्हणून दोन्ही पहिल्या मेगाबाइटमध्येच सापडत आणि दोन्ही जात. नव्या फॅट-३२ पद्धतीत डिस्क मोठी असली की पहिला नकाशाच दोन-तीन मेगाबाइटचा होई, आणि दुसरा त्याच्या पलीकडे सुरक्षित राही. स्टीव्ह गिब्सन यांच्यासारख्यांनी तो शोधून डिस्क पुन्हा जुळवणारे प्रोग्रॅम लगेच लिहिले. प्रत तीच, पण किती अंतरावर ठेवली यावर सगळे ठरले. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने फाइली कुलूपबंद केल्या तेव्हा संगणकाला सतत जोडून ठेवलेल्या बॅकअप डिस्कही त्याच फेऱ्यात सापडण्याजोग्या होत्या.

संपूर्ण डिस्कची नक्कल, म्हणजे क्लोनिंग, रूढ झाले ते न्यूझीलंडच्या मरे हॅझर्ड यांच्या 'घोस्ट' या प्रोग्रॅममुळे. १९९८ मध्ये तो सिमँटेकने विकत घेतला. एक संगणक नीट लावायचा आणि त्यावरून प्रयोगशाळेतले बाकीचे तयार करायचे, ही सोय शाळांना फार मानवण्यासारखी होती. तिचे धोके जुनेच आहेत. सर्वांत घातक चूक दिशेची. दोन सारख्या डिस्क जोडल्या आणि 'कशावरून कशावर' यात गोंधळ झाला तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर उतरते आणि नक्कल अगदी यशस्वी झाल्याचा निरोप येतो. म्हणून डिस्कचा अनुक्रमांक आधी कागदावर लिहून घ्यावा. दुसरी अडचण ओळखीची. पहिल्या सेक्टरात चार बाइटची एक सही असते आणि तिच्यावरून विंडोज डिस्क ओळखते. क्लोनमध्ये सहीही तीच उतरते. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवलेली बरी. तिसरी अशी, की क्लोन दुसऱ्या यंत्रात बसवला की निळ्या पडद्यावर ७बी क्रमांकाची चूक दिसू शकते. डिस्क बिघडलेली नसते, तिच्याशी बोलायचा मार्ग विंडोजला ठाऊक नसतो. बायोसमधली आयडीई किंवा एएचसीआय ही निवड पूर्वीच्या यंत्रासारखी केली की बरेचदा काम भागते.

मराठी शाळांपुढे आणखी एक पेच आहे. नव्वदीच्या दशकातल्या प्रश्नपत्रिका, स्मरणिका, अहवाल श्रीलिपी किंवा सीडॅकच्या प्रणालींत टंकित केलेले असत. त्या वेळच्या अनेक फाँटमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली होती, आणि प्रत्येकाची बसवण्याची रीत वेगळी. अशी फाइल शेवटच्या बाइटपर्यंत जशीच्या तशी परत मिळते, ताडून पाहिली तर एकही फरक निघत नाही, आणि फाँट नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. तेव्हा फाइलीबरोबर फाँट, आणि शक्य असेल तर युनिकोडमध्ये बदललेली दुसरी प्रत, ठेवायला हवी.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी उठेनासे झाले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय सोपा होता. रिकव्हरीच्या वाटेने संगणक उठवायचा आणि ती एक फाइल खोडायची. पण पुष्कळ डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होत्या आणि तिची ४८ आकडी किल्ली कोणी कोठे लिहून ठेवली ते शोधण्यातच वेळ गेला. आता घरगुती व शालेय संगणकांतही हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेले असते. ते आहे की नाही हे पाहून किल्ली कागदावर उतरवून घ्यावी.

ती उतरवताना चूक झाली तर? किल्लीचे सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. समजा एक गट १३५७९५ आहे. एकाआड एक आकडे मिळवले तर १ + ५ + ९ = १५ आणि ३ + ७ + ५ = १५; फरक शून्य, म्हणजे ११ ने भाग जातो. उतरवताना ७ चा १ झाला तर फरक ६ येतो. ७ आणि ९ यांची अदलाबदल झाली तर ४ येतो. कोणताही एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले की ही कसोटी ते पकडते. कसे, याची सिद्धता नववी-दहावीच्या मुलांना ११ च्या कसोटीवरून एका तासात मांडता येईल. मात्र त्यासाठी शाळेची खरी किल्ली फळ्यावर लिहू नये.