क्षमेची तिथी पैठणला बदलली, तेव्हा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला मुक्ताईनगर, भुसावळ, जळगावच्या पेठांत गणपती बसतात. त्याच सुमारास जैन कुटुंबांत लहानथोर एकमेकांना हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात. या प्राकृत शब्दांचा अर्थ : माझे दुष्कृत मिथ्या होवो.

श्वेतांबरांत मूर्तिपूजक तपागच्छाची संवत्सरी चतुर्थीला येते, स्थानकवासींची पंचमीला. (दिगंबरांची क्षमावाणी अनंत चतुर्दशीनंतर.) चतुर्थी-पंचमीचा हा फरक कुठून आला?

परंपरा पैठणकडे बोट दाखवते. जिच्या नावाने मुक्ताईनगर ओळखले जाते ती मुक्ताई भावंडांसह शुद्धिपत्रासाठी जेथे गेल्याचे सांगतात, तेच हे प्रतिष्ठान. ही कथा मात्र तिच्या कितीतरी शतके आधीच्या सातवाहनकाळातली.

सातव्या शतकातील जिनदासगणींच्या निशीथचूर्णीत ती येते. आचार्य कालक प्रतिष्ठानास आले. राजा सातवाहन श्रावक. पर्युषणाचा मुख्य दिवस पंचमी आणि त्याच दिवशी नगरात इंद्रमहोत्सव! प्रजेबरोबर राजाला उत्सवात जाणे भाग होते. त्याने विनविले, षष्ठी करावी. आचार्य म्हणाले, पंचमी ओलांडता येणार नाही. मग चतुर्थी? ती मान्य झाली.

कालक नावाचे आचार्य एकाहून अधिक झाले, तेव्हा या कथेवरून सनावळी मांडू नये. मोल आहे ते आचार्यांच्या अटीला : अलीकडे चालेल, पलीकडे नाही.

ही अट का, याचा उलगडा जैन कर्मविचारात होतो. तेथे क्रोधाची मुदत मोजली आहे. संज्वलन क्रोध पंधरवडाभर टिकतो, पाण्यावरील रेघेसारखा. प्रत्याख्यानावरण चार महिने, वाळूतील रेघेसारखा. अप्रत्याख्यानावरण वर्षभर, सुकलेल्या जमिनीच्या भेगेसारखा. अनंतानुबंधी जन्मभर, दगडाला गेलेल्या तड्यासारखा. पाक्षिक, चातुर्मासिक व सांवत्सरिक प्रतिक्रमणे याच मुदतींशी जुळतात. संवत्सरी उलटूनही राग मनात राहिला, तर तो चौथ्या प्रकारात जातो आणि सम्यक् दर्शनच झाकोळते. म्हणून क्षमा एक दिवस आधी मागता येते. एक दिवस उशिरा मागणे मात्र धोक्याचे.

विपर्यास असा की, पुढे क्षमेच्या या तिथीवरूनच गच्छागच्छांत वाद पेटले. तपागच्छातील तिथीचा वाद तर विसाव्या शतकातही चालू होता.