गोधडीचें गणित

गोधडी म्हणजे चिंध्यांची रास, तिला योजना ती कसली, असें पुष्कळ सुशिक्षितांस वाटतें. पण तिचें माप पाहावें. जुनें लुगडें ९ वार, म्हणजे २७ फूट लांब. त्याची चौघडी केली कीं पावणेसात फूट भरतात. पन्हा सुमारें चार फूट. कात्री न लावतां एका माणसाचें चार थरांचें अंथरूण सिद्ध!

नक्षीहि त्यांतूनच निघे. काठ कडेस येत, विरलेला भाग आंत दडे, आणि धावदोरा पुष्कळदां कडेपासून निघून चौकोनामागून चौकोन घालीत मध्यावर थांबे. त्यामुळें थर सरकत नसत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत शहरांतून पांचवारी रूढ झाली. १५ फुटांची चौघडी पावणेचार फूट, म्हणजे तान्ह्या बाळापुरती! मोठ्या माणसाच्या चार थरांस दोन पातळें लागूं लागलीं, आणि जुना हिशेब मोडला. आज गोधडी शिवणारीस फीत घेऊन पलंग मोजावा लागतो. आजीला तें माप मागावरूनच मिळत असे.

म्हणून घरची जुनी गोधडी उसवण्यापूर्वीं तिची लांबीरुंदी टिपून ठेवावी. आजीनें नेसलेल्या वस्त्राची तेवढीच नोंद अनेक घरांत उरली आहे.