१५ जानेवारी : किंक्रांतीच्या दिवशी फळ्यावर काय लिहायचं?

काल तिळगूळ खाऊन झाला. आज १५ जानेवारी. संक्रांत चौदाला आली की पंधराला किंक्रांत, म्हणजे करीचा दिवस. आमची आजी या दिवशी कुठल्याच नव्या कामाला हात लावू द्यायची नाही. तारीख म्हणून हा दिवस तसा दुर्दैवीच. आदल्या दिवशी संक्रांत आणि पानिपत, त्यामुळे पंधराकडे बघतो कोण!

मी कऱ्हाडच्या बाजूचा. शाळेत फळ्यावर सुविचार आणि दिनविशेष लिहायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. दिनविशेषाची एक छापील पुस्तिका होती, तिच्यातलं बघून लिहायचो. पंधरा जानेवारीला ठरलेल्या दोन ओळी : लष्कर दिन, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म, १९२९. एका वर्षी तालमीत जाणारा आठवीतला एक पोरगा फळ्यासमोर थांबला आणि म्हणाला, "सर, खाशाबांचं नाव नाही?" मी म्हटलं, "त्यांचं काय आज?" तो म्हणाला, "वाढदिवस की सर आज त्यांचा."

गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. अमेरिकेतल्या माणसाचा जन्मदिवस मला पाठ, आणि शेजारच्या गावातल्या माणसाचा नाही. पुस्तिकेत नव्हता, हे खरं. पण पुस्तिकेच्या बाहेर बघायला मला कुणी मनाई केली होती? त्या दिवसापासून ही तारीख माझ्या डोक्यात बसली आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर. वडील पैलवान. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. तांबड्या मातीत घडलेला हा मल्ल तिथं मॅटवर खेळला आणि फ्लायवेट गटात सहावा आला.

चार वर्षांनी हेलसिंकी. जायला पैसे नाहीत. गावानं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण! मी स्वतः मास्तरकी केली, पण मला हे जमलं असतं असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

हेलसिंकीत बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. मग जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाली, ती हरले. त्यानंतर विश्रांतीचा वेळ मिळायला हवा होता. पण नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. थकल्या अंगानं लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभं राहावं लागलं. ब्राँझ मिळालं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक १९९६ साली लिअँडर पेसचं. मध्ये ४४ वर्षं!

खाशाबांचं पदक २३ जुलै १९५२ चं. दुसऱ्याच दिवशी हॉकीत आपण नेदरलँड्सला ६-१ नं हरवून सुवर्ण जिंकलं. सुवर्णापुढे ब्राँझ कोण बघतो? कऱ्हाड स्टेशनावरून मात्र शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे १९५५ साली ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले, असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडा दिन म्हणून साजरा व्हायला लागला २०२४ पासून. पदकानंतर जवळजवळ ७२ वर्षांनी.

तारीख अशी आपोआप मिळत नाही कुणालाच. किंग यांचंच बघा. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली. चार दिवसांत जॉन कॉनियर्स यांनी त्यांच्या जन्मदिवसाच्या सुट्टीचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९८३ उजाडलं. पहिली सुट्टी १९८६ मध्ये मिळाली, तीही जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी, म्हणजे बहुतेक वर्षी नेमकी पंधरा सोडून. आणि सगळ्या पन्नास राज्यांनी ती मानायला २००० साल आलं.

यात खेळाचाही एक धागा आहे. अमेरिकन फुटबॉलचा पहिला सुपर बोल सामना झाला १५ जानेवारी १९६७ ला लॉस एंजेलिसमध्ये, किंग यांच्या अडतिसाव्या वाढदिवशी. तेव्हा तो नुसता योगायोग होता. पण १९९० मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनी किंग यांच्या नावाची सुट्टी नाकारली, तेव्हा त्याच खेळाच्या संघटनेनं १९९३ चा सुपर बोल ॲरिझोनातून काढून कॅलिफोर्नियाला नेला. पैसा हातचा जातोय म्हटल्यावर १९९२ मध्ये मतदारांनी सुट्टी मंजूर केली! आता हे मतपरिवर्तन म्हणायचं की हिशोब, तुम्हीच ठरवा.

किंग १९५९ मध्ये भारतात आले होते. मुंबईत मणिभवनात राहिले. केरळात एका शाळेत त्यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य' अशी करून दिली गेली. आधी त्यांना धक्का बसला, मग विचार केल्यावर पटलं, असं त्यांनी १९६५ च्या एका प्रवचनात सांगितलं.

अस्पृश्यतेचा विषय निघाला म्हणून आणखी एक पंधरा जानेवारी सांगतो. १९३४ साली याच दिवशी दुपारी बिहार आणि नेपाळ भूकंपानं हादरले, हजारो माणसं गेली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला : निसर्गाच्या घटनेला पाप-पुण्याशी जोडू नका. मी या वादात रवींद्रनाथांच्या बाजूचा.

आणि ज्यांनी ते पाप भोगलं त्यांच्या बाजूनं बोलणारा आपला कवी, नामदेव ढसाळ, गेला तोही १५ जानेवारीलाच, २०१४ साली. मुंबईत टॅक्सी चालवलेला माणूस. १९७२ मध्ये सोबत्यांबरोबर दलित पँथर काढली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. किंग यांच्या अहिंसेशी त्या पँथरांचं पटत नव्हतं. ढसाळ आणि किंग समोरासमोर आले असते तर वादच झाला असता. पण त्या दिवशीच्या ओळी लिहिताना दोघांची नावं एकाखाली एक येतात खरी.

लष्कर दिनाचं सगळ्यांना ठाऊक आहे : १९४९ साली करिअप्पांनी इंग्रज सेनापतीकडून सूत्रं घेतली. २०२५ मध्ये या दिवसाचं संचलन पुण्यात, खडकीला झालं. त्याच दिवशी राजकोटला सांगलीच्या स्मृती मानधनानं आयर्लंडविरुद्ध ७० चेंडूंत शतक ठोकलं. भारतीय महिलांचं एकदिवसीय सामन्यातलं तोवरचं सर्वांत वेगवान शतक. संघाच्या धावा ४३५. कऱ्हाड आणि सांगली, दोन्ही कृष्णाकाठची. ही ओळ मी खाशाबांच्या खालीच ठेवली.

मी आता निवृत्त. फळ्यावर लिहितात त्या बाईंना आदल्या रात्री मेसेज टाकतो. पंधरा जानेवारीला खाशाबा पहिल्या ओळीत असतात. २३ जुलैला टिळक जयंती आणि चंद्रशेखर आझाद जयंती, फळा तिथंच भरतो. बाई म्हणतात, सर, जागा नाही. मी म्हणतो, सुविचार पुसा.