पाच रुपये आणि शिधा : मॉरिशसच्या करारनाम्याचे एक वाचन

स्थलांतरितांच्या साहित्याची चर्चा आपल्याकडे बहुधा ताटातुटीच्या सुरात होते. काळे पाणी, तुटलेले आप्त, जहाजावरील मृत्यू आणि स्मृतीत उरलेले गाव हे त्या चर्चेचे ठरलेले विषय. ते खोटे नाहीत. परंतु जहाजावर पाय ठेवण्यापूर्वी मनुष्य जो प्रश्न विचारतो तो अगदी साधा असतो. तिकडे काम मिळेल काय, आणि मिळाल्यास खाऊनपिऊन हाती काय उरेल? एकोणिसाव्या शतकात भारतातून मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या बाबतीत या प्रश्नाचे लेखी उत्तर उपलब्ध आहे. ते उत्तर म्हणजे करारनामा. इतिहासकारांनी तो पुरावा म्हणून पुष्कळदा वापरला आहे. प्रस्तुत निबंधात तो एक संहिता म्हणून, त्याच्या मौनांसह, वाचण्याचा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. 1810 मध्ये हे बेट फ्रेंचांकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. 1825 मध्ये ब्रिटनने तेथील साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच केली आणि मळेवाल्यांनी मिळेल त्या जमिनीत ऊस लावला. 1 फेब्रुवारी 1835 पासून गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. मजुरांची वाण भासणार हे ओळखून मळेवाले आधीच भारताकडे वळले होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ जहाजातून कलकत्त्याहून निघालेले 36 मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. तेव्हापासून 1910 पर्यंत सुमारे साडेचार लक्ष भारतीय या बेटावर आले. त्यांत बहुसंख्य बिहार आणि संयुक्त प्रांताचे, त्याखालोखाल तमिळ व तेलुगू मुलखांतले. मुंबई बंदरातून गेलेले, ज्यांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील माणसे होती, संख्येने पुष्कळच कमी. (त्याआधी मुंबई इलाख्यातून या बेटावर शिक्षेचे कैदीही पाठविले जात. एकाच बेटावर एकजण शिक्षा म्हणून आणि दुसरा नोकरी म्हणून जातो, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.)

‘ॲटलस’वरील मजुरांचा करार पाच वर्षांचा होता. पुरुषास दरमहा पाच रुपये, स्त्रीस चार. सहा महिन्यांचा पगार आगाऊ. शिवाय राहण्यास जागा, अंगावर घालण्यास वस्त्र आणि रोजचा शिधा : तांदूळ, डाळ, मीठ, थोडे तेल. परतीच्या प्रवासासाठी दरमहा एक रुपया कापून ठेवावयाचा. पुढे कराराची मुदत अनेकदा बदलली, अटी बदलल्या, परंतु नव्याने येणाऱ्या मजुराच्या बाबतीत पाच रुपयांचा आकडा दशकानुदशके जवळजवळ तसाच राहिला.

हा आकडा वाचताना एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. करारनाम्यात मिळकत रोखीत आहे आणि खर्च मालात. तांदूळ किती पौंड ते लिहिले आहे, परंतु त्याची किंमत कोठेच लिहिलेली नाही. ही केवळ लेखनाची सोय नव्हती. बेटाची जवळजवळ सारी सुपीक जमीन उसाखाली गेली होती आणि तांदूळ व डाळ भारतातून जहाजाने येत असे. कोकणात भात पिकविणारा माणूस येथे भात विकत घेणारा झाला असता, आणि मग पाच रुपयांत त्याचे भागले नसते. शिधा देऊन मळेवाल्याने ही महागाई मजुराच्या दृष्टीआड ठेवली आणि त्याबरोबर मजुराचे पोटही आपल्या कोठारास बांधले. मळा सोडणे म्हणजे केवळ रोजगार सोडणे नव्हते. त्या दिवसाचे जेवणही सुटत असे. आपल्या गावगाड्यातील बलुत्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती टिकत नाही. बलुतेदाराचा धान्यावर परंपरेचा हक्क होता. मळ्यावरील शिध्याला कराराच्या तारखेची मर्यादा होती.

दुसरे मौन कपातीचे. रजेवाचून एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापावे, ही ‘दुहेरी कपात’ मॉरिशसच्या मजूर व्यवस्थेचा कणा होती. पाच रुपये महिना आणि कामाचे सव्वीस दिवस धरले तर रोज सुमारे तीन आण्यांचा पडतो. सहा दिवस गैरहजेरी लागली की बारा दिवसांचे, म्हणजे सुमारे सव्वादोन रुपये गेले. परतीचा रुपया वेगळा. असा महिना संपताना हातात पावणेदोन रुपये येणार, आणि तेही वेळेवर येतील याची शाश्वती नाही, कारण पगार महिनोन्‌महिने थकविणे ही सर्रास चाल होती. रविवारी जनावरांची वैरण व आवाराची सफाई यांसारखी बिनमोबदल्याची कामे असत ती निराळीच. एवढे सारे असूनही करारनामा मात्र पाच रुपयेच सांगत राहतो. वेतन म्हणून जो आकडा छापला जातो आणि माणूस ज्या आकड्यावर जगतो, त्यांतील अंतर हाच या दस्तऐवजाचा खरा आशय आहे, असे मला वाटते.

मग माणसे गेली का? या प्रश्नावर अभ्यासकांत दोन तट आहेत. ह्यू टिंकर यांनी 1974 च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीला गुलामगिरीची नवी आवृत्ती ठरविले. मरीना कार्टर यांनी 1990 च्या दशकातील संशोधनात दाखविले की मॉरिशसच्या बाबतीत भरतीचे पुष्कळसे काम बेटावरून परतलेल्या मजुरांनी आणि सरदारांनीच केले. ते आपल्या गावी येत आणि आपल्याच नात्यातली, ओळखीची माणसे घेऊन जात. म्हणजे सगळेच दलालाच्या थापांना भुललेले नव्हते. तरीही परतलेला सरदार म्हणजे निःपक्षपाती साक्षीदार नव्हे. तो जे सांगे त्यात त्याचे कमिशन होते, आणि ज्यांचे बेटावर वाटोळे झाले ते सांगायला परत आलेच नाहीत. मिळणारी बातमी नेहमी यशस्वी माणसाची असते. हा दोष आजच्याही स्थलांतराच्या बातम्यांत आहेच.

मॉरिशसच्या भारतीय समाजात एक दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते : तिकडे दगड उलटला की खाली सोने मिळते, असे सांगून पूर्वजांना नेले. ज्वालामुखीच्या लाव्हारसातून घडलेल्या त्या बेटावर दगड मात्र खरोखरच होते. उसासाठी रान मोकळे करताना मजुरांनी ते हातांनी उचलले आणि शेतात रचले. त्यांचे काळे ढीग उसाच्या फडांमधून कित्येक ठिकाणी उभे राहिले. दंतकथेतील दगडाखाली सोने निघाले, ते मळेवाल्याचे, असा अर्थ लावला तर तो ओढूनताणून लावलेला ठरू नये.

मराठी मुलखापुरता एक निराळा धागा येथे जोडता येतो. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापिली आणि 1861 ते 1865 या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या भावाने मुंबईत पैशाचा पूर आला. रत्नागिरीच्या माणसाला गलबताने दोन दिवसांवर रोजगार दिसू लागला, जेथून शिमग्याला व गणपतीला घरी येता येते. त्यानंतर मुंबई बंदरातून मॉरिशसला जाणाऱ्यांचा ओघ आटत गेला यात नवल नाही. आपल्या साहित्यात चाकरमानी आला आणि मॉरिशसचा मजूर आला नाही, याचे एक कारण या हिशेबात आहे.

जे गेले त्यांपैकी साधारण एकतृतीयांश परतले. 1850 च्या दशकाच्या प्रारंभी फुकट परतीचा हक्क काढून घेण्यात आला, आणि परतणे हाच एक खर्च होऊन बसला. करार संपलेल्या ‘जुन्या’ मजुरास शिधा नाही, घर नाही. वाण्याकडे उधारीचे खाते, पुढे बहुधा चिनी दुकानदाराकडे. 1867 च्या कायद्याने त्याला छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तो नसेल तर भटक्या म्हणून अटक. 1871 मध्ये या जुन्या मजुरांनी आदोल्फ द प्लेवित्झ यांच्या साहाय्याने गव्हर्नरांकडे अर्ज केला. त्यावर 9401 सह्या व अंगठे होते. 1872 मध्ये चौकशी आयोग आला, 1875 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि थकलेले पगार, मनमानी कपाती हे सारे सरकारी कागदावर उतरले. करारनाम्याने जे लिहिले नव्हते ते या अर्जाने लिहिले. मॉरिशसच्या भारतीयांच्या गद्याचा आरंभ शोधावयाचा तर तो मी या अर्जात शोधेन. दुहेरी कपात रद्द होण्यास मात्र विसाव्या शतकाचे पहिले दशक उजाडावे लागले. 1907 मध्ये बेटावर आलेले मणिलाल डॉक्टर यांनी मजुरांचे खटले चालविले, त्याच सुमारास.

दुसऱ्या बाजूला, 1870 नंतर तोट्यातील मळ्यांचे तुकडे पाडून विक्री सुरू झाली आणि काही सरदारांनी व काटकसरी कुटुंबांनी जमीन घेतली. तिचा पैसा पाच रुपयांतून उभा राहणे कठीण. तो भाजीपाला, गायी, गाडीभाडे, व्याजबट्टा आणि बायकामुलांची मजुरी यांतून आला. या कामांचा करारनाम्यात उल्लेख नाही, आणि बायकांच्या बचतीचा तर इतिहासग्रंथांतही क्वचितच.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या अर्थव्यवहाराचा उपयोग असा. बेर्नार्दँ द सँ-पिएर यांच्या ‘पॉल आणि व्हर्जिनी’ने (1788) युरोपला जे मॉरिशस दिले, त्यात निसर्ग माणसाला फुकट पोसतो. अभिमन्यु अनत यांच्या ‘लाल पसीना’ (1977) या हिंदी कादंबरीत त्याच भूमीवर घामाचे मोल विचारले जाते. अमिताव घोष यांची ‘सी ऑफ पॉपीज’ (2008) जहाजावरच थांबते, म्हणून तिच्यात अफूचा हिशेब तपशिलाने येतो आणि उसाचा येत नाही. फ्रेंच, हिंदी आणि इंग्रजीतील या कृती एकत्र वाचताना पात्र काय खाते, ते कोणी दिले आणि त्याचे पैसे केव्हा कापले, एवढे तीन प्रश्न विचारून पाहावेत. नायकाच्या विरहापेक्षा कादंबरीची भूमिका त्यांतून अधिक लवकर कळते.

एक तपशील शेवटी नोंदवितो. 1876 मध्ये मॉरिशसने रुपया हेच आपले अधिकृत चलन केले. मजुरांच्या पगारामुळे आणि तांदळाच्या व्यापारामुळे तो तेथे आधीच रुळला होता. दोन शिलिंगांचा हा रुपया चांदीच्या घसरणीबरोबर शतकाच्या अखेरीस एक शिलिंग चार पेन्सांवर आला. मळेवाल्याला मजुरी आपोआप स्वस्त पडली. मजुराच्या पासबुकात मात्र आकडा होता तोच राहिला, पाच.